आरोग्य आणि व्यायामाच्या नोंदींसाठी स्मार्टवॉच कसे निवडावे: टप्पे, पडताळणी आणि नेहमीच्या चुका

स्मार्टवॉच घेताना बहुतेकांचा क्रम उलटा होतो. सवलत दिसली की घड्याळ घेतले जाते, ते काय काय मोजते हे घरी आल्यावर पाहिले जाते, आणि त्यातल्या कोणत्या आकड्यांवर विसंबावे हा प्रश्न पडेपर्यंत घड्याळ परत करण्याची मुदत टळलेली असते. पुढील टप्पे याच क्रमाने पार पाडावेत. सहाव्या टप्प्यातील पडताळणी घड्याळ हाती पडताच करायची असल्यामुळे संपूर्ण लेख खरेदीपूर्वी वाचावा, ही विनंती.

१. आधी गरज एका वाक्यात लिहून काढावी

'तब्येतीवर लक्ष ठेवायचे आहे' हे वाक्य पुरेसे नाही, कारण त्यावरून कोणतेही घड्याळ निवडता येते आणि कोणतेही नाकारता येत नाही. वाक्य असे हवे: 'रोज सकाळी पाऊण तास चालतो, ते पुरेशा वेगाने होते का हे पाहायचे आहे', 'साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करायची आहे', 'वडिलांना मधूनच धडधडते, पण डॉक्टरांकडे गेल्यावर ईसीजी ठीक येतो, तेव्हा धडधडीच्या क्षणी नोंद हवी आहे', 'आई एकटी राहते, ती पडली तर कळले पाहिजे'.

या चार गरजांना चार वेगवेगळी घड्याळे लागतात. पहिल्या व्यक्तीला साधा फिटनेस बँडही पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि एवढा हिशेब ठेवण्यासाठी नाडी व वेळ यांपलीकडे फारसे काही लागत नाही. दुसऱ्या व्यक्तीला स्वतःचा जीपीएस आणि दीर्घकाळ चालणारी बॅटरी हवी. तिसऱ्याला ईसीजीची सोय हवी. चौथ्या ठिकाणी पडल्याची जाणीव करून देणारी आणि फोन जवळ नसतानाही संपर्क साधणारी यंत्रणा हवी, शिवाय ती व्यक्ती रोज घड्याळ चार्ज करील का, याचा विचार इतर सगळ्याच्या आधी करावा.

पडताळणी: लिहिलेल्या वाक्यात एखादा आकडा किंवा एखादा प्रसंग आहे का? नसेल तर वाक्य पुन्हा लिहावे आणि मगच पुढे जावे.

२. मोजमाप आणि अंदाज यांतला फरक ओळखावा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. खोक्यावर वीस-पंचवीस गोष्टींची यादी एका ओळीत छापलेली असते. त्यातल्या काही घड्याळ खरोखर मोजते, काहींचा अंदाज बांधते, आणि काही मोजण्याचे साधनच त्यात नसते.

नाडी. घड्याळाच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. शांत बसलेले असताना ही पद्धत चांगली चालते. मात्र सैल पट्टा, थंडीने गार पडलेले मनगट, त्या जागेवरचे गडद गोंदण आणि मूठ आवळून केलेला व्यायाम यांमुळे ती बिघडते. वजने उचलणाऱ्यांनी आणि थांबून थांबून वेगाने धावणाऱ्यांनी छातीला बांधायचा पट्टा जोडता येईल असेच घड्याळ घ्यावे, कारण तो पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो.

ईसीजी. घड्याळाचा ईसीजी म्हणजे ३० सेकंदांची, एकाच दिशेने घेतलेली नोंद. रुग्णालयातला ईसीजी १२ दिशांनी घेतलेला असतो. हृदयाची लय अनियमित आहे का, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आहे का, हे ओळखण्यास घड्याळाची नोंद उपयोगी पडते. हृदयविकाराचा झटका मात्र तिच्यावरून ओळखता येत नाही. ईसीजीची सोय नसलेली काही घड्याळे केवळ नाडीवरून अनियमित लयीची सूचना देतात. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲपलच्या घड्याळाकडून अशी सूचना ०.५२ टक्के लोकांना आली. त्यांपैकी ज्यांनी नंतर ईसीजीची पट्टी काही दिवस अंगावर लावली, त्यांतल्या ३४ टक्के लोकांत त्या काळात एट्रियल फिब्रिलेशन आढळले. ही लय येते आणि जाते, म्हणून उरलेल्या सर्वांची सूचना चुकीची होती असे म्हणता येत नाही. सूचना आली तर घाबरून न जाता डॉक्टरांची वेळ घ्यावी, एवढाच तिचा अर्थ.

रक्तातील ऑक्सिजन. मनगटावरचा हा आकडा बोटाच्या ऑक्सिमीटरपेक्षा अधिक डळमळीत असतो. बोटाचे ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर चुकू शकते, हे अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून डिसेंबर २०२० मध्ये दाखवले गेले होते. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी घरात बोटाचे ऑक्सिमीटर ठेवावे आणि घड्याळाच्या आकड्यावर औषध बदलू नये.

रक्तदाब. सॅमसंगच्या घड्याळांत ही सोय आहे, पण ती वापरण्यापूर्वी दंडाला बांधायच्या यंत्राने रक्तदाब मोजून तो आकडा घड्याळाला द्यावा लागतो आणि दर २८ दिवसांनी हे पुन्हा करावे लागते. म्हणजे घरात दंडाचे यंत्र हवेच. अशी जुळवणी न मागता, पट्ट्यात हवाही न भरता, थेट रक्तदाब सांगणाऱ्या स्वस्त घड्याळाच्या आकड्याला उपचारासाठी काडीचीही किंमत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तशर्करा. सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तोवर त्यांनी अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नव्हती. त्वचेखाली बारीक तंतू बसवणाऱ्या संवेदकाचे आकडे जे घड्याळ केवळ दाखवते, ते यात मोडत नाही. तेथे मोजणी त्या संवेदकाने केलेली असते.

इशारा: इन्शुलिन घेणाऱ्या व्यक्तीच्या हाती साखर दाखवणारे स्वस्त घड्याळ देणे धोक्याचे आहे. चुकीच्या आकड्यावर घेतलेली मात्रा जिवावर बेतू शकते.

उष्मांक, झोप, ताण. खर्च झालेले उष्मांक म्हणजे वय, वजन, नाडी आणि हालचाल यांवरून मांडलेले गणित असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर आली. उष्मांकांत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणून 'आज ४०० उष्मांक जाळले' या आकड्यावर जेवणाचे माप ठरवणे ही वजन कमी करणाऱ्यांची सर्वांत खर्चिक चूक ठरते. झोपेचा एकूण कालावधी घड्याळ बऱ्यापैकी सांगते, पण गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांची विभागणी हा अंदाजच असतो, कारण त्या अवस्था खात्रीने ओळखण्यासाठी मेंदूचे विद्युत संकेत लागतात. ताणाच्या आकड्याबद्दल याहून वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

पडताळणी: पहिल्या टप्प्यातल्या वाक्याला लागणारी गोष्ट मोजमापात येते की अंदाजात? अंदाजात येत असेल तर तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

३. फोनशी आणि देशाशी जुळते का ते पाहावे

ॲपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालू करता येत नाही. सॅमसंगची गॅलक्सी वॉच ४ पासूनची घड्याळे आणि गूगलची पिक्सेल वॉच केवळ अँड्रॉइड फोनशी जुळतात. गार्मिन आणि अमेझफिट दोन्हींशी जुळतात. त्यातही सॅमसंगच्या घड्याळाचा ईसीजी आणि रक्तदाब वापरायला फोनही सॅमसंगचाच लागतो, हे अनेकांना घड्याळ घेतल्यावर कळते. घरातल्या ज्येष्ठांसाठी घेताना त्यांच्या हातातला फोन आणि त्याची अँड्रॉइड आवृत्ती स्वतः पाहावी.

परदेशातल्या नातेवाइकांकडून घड्याळ मागवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो. ईसीजीसारख्या सोयी प्रत्येक देशाच्या परवानगीनुसार चालू किंवा बंद असतात, त्यामुळे एकाच नावाच्या घड्याळात दोन देशांत फरक पडतो. पेटंटच्या वादामुळे जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकलेल्या ॲपलच्या नव्या घड्याळांतून ऑक्सिजन मोजण्याची सोय काढली गेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती परत आली, पण हिशेब घड्याळाऐवजी आयफोनवर होईल अशा बदललेल्या स्वरूपात. मोबाइल जोडणी असलेले घड्याळ बाहेरून आणले तर त्याचे प्रारूप भारतातल्या जाळ्यावर चालते का, आपली मोबाइल कंपनी घड्याळाला ईसिम (आतच बसवलेले सिम) देते का आणि वॉरंटी येथे लागू होते का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच नातेवाइकांना खर्चात पाडावे.

आणखी दोन गोष्टी येथेच तपासाव्यात. काही कंपन्या सखोल विश्लेषणासाठी दरमहा वर्गणी घेतात. ती दोन वर्षांची धरून किंमत मोजावी. तसेच आपल्या नोंदी फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात का हे पाहावे, कारण तसे नसेल तर घड्याळ बदलताच मागचा इतिहास गमावला जातो.

४. बांधणी: जीपीएस, पाणी, बॅटरी, पट्टा

खोक्यावर 'जीपीएस' लिहिलेले असले तरी तो घड्याळाचा स्वतःचा आहे की फोनच्या जीपीएसवर चालणारा, हे विचारावे. दुसऱ्या प्रकारात फोन सोबत नेला नाही तर अंतर पावलांवरून अंदाजे काढले जाते. उंच इमारतींमधून धावणाऱ्यांना आणि सह्याद्रीतल्या कडेकपाऱ्यांत फिरणाऱ्यांना दोन फ्रिक्वेन्सींवर संकेत घेणाऱ्या जीपीएसचा फायदा होतो, कारण कड्यांवरून आपटून येणारे संकेत तो अधिक चांगले वेगळे काढतो. गिर्यारोहकांनी हवेच्या दाबावरून उंची सांगणारा संवेदक पाहून घ्यावा. पावसाळी हवेत दाब बदलला की तोही भरकटतो, म्हणून माहीत असलेल्या उंचीवर तो जुळवून घ्यावा. कळसूबाईच्या माथ्यावर १,६४६ मीटर हा आकडा आयताच मिळतो. पावसात ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही, तेव्हा व्यायाम सुरू आणि बंद करण्यासाठी खरी बटणे हवीत.

पोहणाऱ्यांनी ५ एटीएम (पाण्याचा किती दाब सोसते ते सांगणारी) ही खूण पाहावी. आयपी ६८ म्हणजे घड्याळ धुळीपासून सुरक्षित आणि ठरावीक खोलीच्या स्थिर पाण्यात टिकणारे. हात मारताना बसणारा पाण्याचा मारा त्या चाचणीत येत नाही. समुद्रात किंवा क्लोरीनच्या पाण्यात पोहून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे, आणि साबणाच्या गरम पाण्याने आंघोळ करताना ते काढून ठेवावे.

बॅटरीचे दोन आकडे असतात आणि जाहिरातीत मोठा तेवढा दिसतो. धावणाऱ्याला जीपीएस चालू असतानाचे तास हवेत. आपल्याला ५ तास लागणार असतील तर किमान ८ तासांचा दावा असलेले घड्याळ घ्यावे, कारण बॅटरी दोन वर्षांत काही प्रमाणात उतरते. झोप मोजायची असेल तर घड्याळ दिवसा केव्हा चार्ज करणार हे आत्ताच ठरवावे. रात्री चार्जरवर असलेले घड्याळ झोप मोजू शकत नाही.

घड्याळ शक्यतो मनगटावर लावून पाहावे. बारीक मनगटावर मोठी डायल कडेने उचलली जाते आणि फटीतून बाहेरचा प्रकाश शिरतो. हातात बांगड्या असतील तर त्या घड्याळाला सरकवतात. अशा वेळी दुसरा हात निवडावा. कोकणातल्या दमट हवेत सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून त्वचा लाल होते, म्हणून पट्टा बदलता येण्याजोगा असावा.

इशारा: पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले असल्यास आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. घड्याळ आणि त्याचा चुंबकीय चार्जर छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. शरीरातील चरबी मोजण्यासाठी अंगातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडणारी सोय अशा व्यक्तींनी आणि गर्भवतींनी वापरू नये.

५. खरेदी

येथे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. स्मार्टवॉच भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येते. त्यावरचा 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. ही नोंदणी विद्युत सुरक्षिततेसाठी आहे, आकड्यांच्या अचूकतेसाठी नाही. ऑनलाइन घेताना परतीची अट शब्दशः वाचावी, कारण अनेकदा मुदत ७ दिवसांचीच असते आणि तीही केवळ घड्याळ बदलून देण्याची. पावती जपून ठेवावी. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

६. परतीच्या मुदतीतील पडताळणी

तयारी. घड्याळ पूर्ण चार्ज करावे, सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, मग जन्मतारीख, उंची, वजन आणि कोणत्या हातात घालणार हे खरे भरावे. ही माहिती चुकीची असेल तर पुढचे सगळे गणित चुकते. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर बांधावा. घड्याळ हलू नये, पण काढल्यावर खोल वळही उमटू नये. व्यायामापुरता तो एक घर घट्ट करावा.

शांत नाडी. पाच मिनिटे बसावे, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजावेत आणि घड्याळाशी ताडावेत. असे तीन वेळा करावे. ५ ठोक्यांपर्यंतचा फरक चालेल. निर्जीव बाटलीला घड्याळ बांधून 'नाडी' दाखवते का, हा प्रयोग अनेक जण करतात. तो फारसा निर्णायक नाही, कारण परावर्तित प्रकाशातल्या गोंगाटामुळे चांगले घड्याळही आकडा दाखवू शकते.

श्रमातील नाडी. तीन मिनिटे वेगाने जिने चढावे, थांबताच १५ सेकंद ठोके मोजून चाराने गुणावे. धावताना घड्याळ सतत १६०-१८० दाखवत असेल आणि श्वास मात्र आरामात चालू असेल, तर ते नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजत असण्याची शक्यता आहे. पट्टा वर सरकवून घट्ट करावा. तरीही तेच होत असेल तर घड्याळ परत करावे.

पावले. मनात मोजून २०० पावले चालावे; घड्याळाने १९० ते २१० दाखवली तर ठीक. नंतर खडबडीत रस्त्यावरून दुचाकीने दहा मिनिटे जावे आणि न चाललेली पावले किती वाढली ते टिपावे. पोळ्या लाटताना आणि कपडे धुतानाही अशी भर पडते, तर बाबागाडी किंवा हातगाडी ढकलताना हात स्थिर असल्याने खरी पावलेही गाळली जातात.

अंतर. मोकळ्या जागी जीपीएसचा संकेत मिळाल्याची खूण दिसेपर्यंत थांबावे. मग ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून पाच फेऱ्या, म्हणजे २ किलोमीटर, धावावे किंवा चालावे. ५० मीटरपर्यंतची चूक सोसावी. संकेत मिळण्याआधीच धावू लागणे ही येथली नेहमीची चूक आहे आणि तिचा दोष विनाकारण घड्याळाला दिला जातो.

झोप. एके दुपारी तासभर पडून, जागे राहून वाचन करावे. घड्याळाने ती झोप म्हणून नोंदवली तर निद्रानाश असलेल्यांनी त्या घड्याळाच्या झोपेच्या नोंदीवर विसंबू नये.

पडल्याची सूचना. ही सोय काही घड्याळांत आपोआप चालू नसते. ॲपलच्या घड्याळात ती ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या वापरकर्त्यांसाठी आपोआप चालू होते, इतरांनी ती सेटिंगमधून चालू करावी. मुद्दाम पडून पाहू नये. संकटकाळचे संपर्क क्रमांक भरावेत आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून घड्याळावरून घरच्यांना कॉल लागतो का, एवढे पाहावे.

७. नोंदी वाचताना

एका दिवसाच्या आकड्याकडे पाहू नये. पहिले दोन-तीन आठवडे आपली नेहमीची पातळी ठरवण्यासाठी द्यावेत आणि मग आठवड्याची सरासरी त्या पातळीशी ताडावी. विश्रांतीतली नाडी प्रौढांत साधारण ६० ते १०० असते. नियमित धावणाऱ्यांत ती त्याखालीही असते. ती आपल्या पातळीपेक्षा सलग काही दिवस वर राहिली तर ताप, अपुरी झोप किंवा अतिव्यायाम यांचा विचार करावा.

नाडीचे टप्पे घड्याळ बहुधा '२२० वजा वय' या ढोबळ सूत्रावरून ठरवते. बीटा ब्लॉकर वर्गातली औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फार चढत नाही, त्यामुळे त्यांना हे टप्पे लागू पडत नाहीत. त्यांनी बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या दमाने चालावे आणि मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना सगळे आलेख दाखवू नयेत. ईसीजीची पीडीएफ, ती कधी घेतली, त्या वेळी काय करत होतो, काय जाणवले आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे एका कागदावर न्यावे.

इशारा: छातीत दुखणे, दरदरून घाम, धाप, तोंड वाकडे होणे किंवा हातापायांतली शक्ती जाणे यांपैकी काहीही झाल्यास घड्याळाकडे पाहण्यात वेळ घालवू नये. ते 'सर्व ठीक' दाखवत असले तरी ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांक आहे.

घड्याळाची पाठ आठवड्यातून एकदा ओल्या मऊ कापडाने पुसावी, वजन बदलले की ॲपमध्ये नोंदवावे, आणि मोठे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर शांत नाडीची व २०० पावलांची चाचणी पुन्हा करावी.